उसन्या मेमरीवरची फिल्म

कुमासी शहरातल्या असाफो भागात शिंप्यांच्या गल्लीला लागून कोनादू आणि तिचा धाकटा भाऊ ग्यासी यांचं व्हिडिओचं दुकान होतं. लग्नं, बारशी, चर्चचे समारंभ, आणि सगळ्यांत जास्त मयतं. आमच्या कुमासीत माणूस जिवंतपणी एखाद वेळ कॅमेऱ्यात येणार नाही, पण मेल्यावर आल्याशिवाय राहत नाही. ग्यासी शूटिंगला जायचा, कोनादू दुकानात बसून कापाकापी आणि जोडाजोडी करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, डोळा भावाचा आणि कात्री बहिणीची. ती त्याच्याहून बरीच मोठी. आई बाजारात कंद विकायला बसायची, त्यामुळे ग्यासी वाढला तो कोनादूच्या पाठीवर.

एका दुपारी लाईट गेली, आणि परत आली ती दणक्यात आली. कॉम्प्युटरच्या खोक्यातून करपल्याचा वास सुटला. ग्यासीनं खोकं उघडून ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं, नाकाशी धरलं आणि बहिणीपुढे केलं.

"गेलं बिचारं," तो म्हणाला.

"आता पडद्यावर काही दिसणार की नाही?"

दिसेल, पण जपून, असं त्यानं सांगितलं. कार्डाला स्वतःची मेमरी असते; चित्रं तिच्यात मांडून ते पडद्यावर धाडतं. आता प्रोसेसरमधलंच बारकं ग्राफिक्स ते काम करणार, पण त्याच्याजवळ स्वतःची मेमरी नाही. ते मशीनच्या मेमरीतून वाटा मागणार. मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळं पान येतं, त्यात कुणाला किती द्यायचं ते ठरवता येतं, हेही त्यानं तिला दाखवलं.

"त्याच्याकडे शिदोरी नाही ना, म्हणून मोठ्याच्या ताटात हात घालणार," तो म्हणाला. "माझ्यासारखंच."

"मग ताटात उरणार काय?"

"उरेल त्यात भागव. तू भागवतेसच की, ताई."

सवड झाली की आदुमच्या बाजारात जाऊन दुसरं कार्ड बघतो म्हणाला. लग्नाचा हंगाम होता. सवड झाली नाही.

तो गेला तो ताफोत एका साखरपुड्याच्या कामावर असताना. नवऱ्याकडची मंडळी दारात आली होती, दोन्हीकडून बोलणी करणारे म्हातारे रिवाजाप्रमाणे एकमेकांना कोडी घालत होते, आणि ग्यासीनं मध्येच कॅमेरा खाली ठेवला. पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. त्याचा मित्र दार्को दुसऱ्या कॅमेऱ्यावर होता. त्यानं त्याला उचलून टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की जठरातला व्रण फुटलाय, विष अंगात पसरलंय. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

दार्को दुकानात सांगायला आला तेव्हा कोनादू कुणाच्या तरी लग्नातला नाच कापत बसली होती. तिनं त्याचं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे वळून हातातलं काम सेव्ह केलं, मशीन रीतसर बंद केलं, पंखा बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर निघाली. पुढे गल्लीतल्या शिंपिणी हे एकमेकींना सांगायच्या. भाऊ गेला म्हणून सांगितलं, तर बाई आधी काम सेव्ह करत होती. कोनादूच्याही ते कानावर आलं. त्यात विशेष काय, हे तिला कळलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, पोट दुखतं अशी तक्रार किती दिवस होती? कोनादू म्हणाली, कधीच नव्हती. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

प्रेत शवागारात ठेवलं आणि मांपोंग गावी आईच्या घरी बैठक बसली. बोलले ते आम्पोन्सा मामा. ते आईचे थोरले भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. आमच्याकडे मामाचा शब्द बापाच्या शब्दाच्या वरचा. दफनाची तारीख ठरली, मंडप ठरले, ढोलवाले ठरले. मग मामांनी पडद्याचा विषय काढला. मंडपात मोठा पडदा लावून ग्यासीची फिल्म दाखवायची. तरणाताठा पोरगा गेलाय, लोक रडतच येतील, त्यांना आणखी रडवायचं नाही.

"पडद्यावर तो हसताना दिसला पाहिजे," मामा म्हणाले. "घरी जाताना लोकांनी त्याचं हसू बरोबर न्यावं."

कुणीतरी हळूच म्हणालं, काम बाहेर देऊ या, बहिणीनं कसं करायचं? सगळे कोनादूकडे बघू लागले. ती समोरच्या भांड्यातले शेंगदाणे सोलत होती.

"मी करते," ती म्हणाली. आमटीला फोडणी मी देते म्हणावं, तितक्याच आवाजात.

ती दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन बसली. ग्यासी कायम कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे कॅमेऱ्यापुढचा ग्यासी फारसा नव्हता. शाळेचे फोटो होते, चर्चमधले दोन-चार तुकडे होते. दार्कोनं एक हार्ड डिस्क आणून दिली. कामांच्या अधेमधे, जेवणाच्या सुट्टीत, गाडीत, लायटिंग तपासताना त्यानं ग्यासीचं जे जे टिपलं होतं ते सगळं त्यात भरलेलं होतं. दार्कोनंही ते कधी नीट पाहिलं नव्हतं. आहे तसं उतरवून दिलं.

आणि मशीन बसलं. एक चित्र चालायचं, दोन चालायची. फोटो, त्यावर चित्र, त्यावर अक्षरं असं काही मांडलं की पडदा गोठायचा. कोनादूनं निळं पान उघडलं आणि ग्राफिक्सचा वाटा वाढवला. चित्र जरा सरळ चाललं, पण आता उरलेल्या मेमरीत एडिटिंगचा प्रोग्रॅमच मावेना. तो मध्येच आपला आपण बंद व्हायचा आणि केलेलं काम घेऊन जायचा. तिनं वाटा कमी केला. पडदा पुन्हा गोठला. पुन्हा वाढवला. ह्याच्या ताटातलं काढून त्याच्या ताटात, त्याच्या ताटातलं काढून ह्याच्या, असं दोन-तीन दिवस चाललं. तिला कंटाळा आला नाही की चीडही आली नाही. जेवायला हाक आली तर जेवायची, नाही आली तर तशीच बसायची.

शेवटी तिनं सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय केला. काम करताना दिसणारं चित्र पाव दर्जाचं करून टाकलं. फिल्म शेवटी पूर्ण दर्जाचीच निघते. फक्त जोडाजोडी करताना पडद्यावर भरड चित्र दिसतं, म्हणजे मेमरी कमी लागते. सगळं सुरळीत चालायला लागलं. ग्यासीच्या तोंडाचे मात्र चौकोन चौकोन झाले. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, दातांच्या जागी पांढरी पट्टी.

कोनादूला बरं वाटलं. का ते तिनं मनाला विचारलं नाही. पूर्ण दर्जाचा एखादा फोटो चुकून उघडला की तिचा हात थांबायचा आणि मग हाताला पुढे जायला वेळ लागायचा. चौकोनांशी तसं होत नव्हतं. चौकोन हलवता येत होते, कापता येत होते, गाण्याच्या ठेक्यावर बसवता येत होते.

दार्को एकदा डोकावला. दारातच उभा राहून पडद्याकडे बघत म्हणाला, "ताई, हे काय बघतेस? काहीच दिसत नाही ह्यात."

"मला दिसतंय."

"माझ्याकडे चल. माझ्या मशीनला स्वतःचं कार्ड आहे. तू बस, मी बाहेर बसतो. कुणी त्रास देणार नाही."

"चाललंय ना, दार्को."

तो आणखी थोडा उभा राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही, तेव्हा गेला. हे पोरगं किती वाळलंय, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

मामांनी हसरं मागितलं होतं म्हणून ती हसू शोधत होती. नाचतानाचं सापडलं, चर्चमध्ये टाळ्या पिटतानाचं सापडलं. शेवटासाठी काहीतरी मोठं हवं होतं, आणि ते तिला बोसोम्त्वे तळ्यावरच्या एका वाढदिवसाच्या कामात मिळालं. दार्कोनं लांबून घेतलेलं होतं. पांढऱ्या शर्टातला ग्यासी एका झाडाखाली वाकलाय, एक हात पोटावर, एक झाडाला टेकलेला. खांदे गदगदा हलतायत. तोंडाच्या जागी पांढरी पट्टी. मग तो वर बघतो, सरळ होतो आणि कॅमेऱ्याकडे हात हलवतो. आवाजात नुसतं पार्टीचं गाणं वाजत होतं, ते तिनं काढून टाकलं.

पोट धरून हसतोय, असं कोनादूला वाटलं. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असणार. तिनं तो तुकडा शेवटी ठेवला आणि संथ केला, निम्म्याहून संथ, म्हणजे लोकांना ते हसू डोळे भरून बघता येईल.

फिल्म मशीनमधून बाहेर पडायला फार वेळ लागला. मध्ये एकदा लाईट गेली आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं. मयताच्या दिवशी सकाळी ती तयार झाली. दुकानाचा नियम असा की गिऱ्हाइकाला देण्याआधी फिल्म एकदा आरंभापासून शेवटपर्यंत बघायची. हा नियम कोनादूनंच घालून दिलेला. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. वेळ अगदीच नव्हता असं नाही. तिनं पेनड्राईव्ह रुमालात बांधला आणि लाल-काळं कापड खांद्यावर घेऊन खाली उतरली.

मांपोंगला माणूस मावत नव्हता. मंडपांखाली खुर्च्यांच्या रांगा, लाल आणि काळ्या कापडांची गर्दी, ओळीनं हात हातात देत येणारे लोक. कोनादू घरच्यांच्या रांगेत आईच्या शेजारी बसली आणि हात हातात देत राहिली. कुणाचा हात ओला होता, कुणाचा खरखरीत. एक म्हातारी तिला म्हणाली, रड बाई, रडलं की बरं वाटतं. कोनादू म्हणाली, हो. म्हातारी पुढे गेली.

ढोल थांबले आणि पडदा सुरू झाला. पडदेवाल्यानं भिंतीएवढा पडदा आणला होता. शाळेच्या गणवेशातला ग्यासी आला तेव्हा बायका कळवळल्या. तो चर्चमध्ये ठेका चुकवून नाचला तेव्हा मंडप हसला. मामा मान डोलवत होते. कोनादू पडदा बघत नव्हती, जोड बघत होती. इथला जोड नीट बसलाय, इथे अक्षरं अंमळ उशिरा आलीत.

मग तळं आलं.

पडद्यावर चौकोन नव्हते. झाडाच्या सालीचा खडबडीतपणा दिसत होता, आणि त्या सालीत रुतलेली बोटं दिसत होती. शर्ट पाठीला घामानं चिकटलेला. ग्यासीचे डोळे घट्ट मिटलेले, मानेची शीर टरारून वर आलेली, आणि ती पांढरी पट्टी म्हणजे खालच्या ओठात रुतवलेले दात होते. सगळं संथ, निम्म्याहून संथ. खांदे हलत होते ते असे हलत होते, की बघणाऱ्यानं आपलंच पोट धरावं. मग त्याला कॅमेरा दिसला. त्यानं ओठ सोडला. श्वास घेतला. गाल वर उचलले, डोळे उघडले, एकेक करून सगळं जागेवर बसवलं आणि हसला. हात हलवला. त्या हसऱ्या तोंडावर फिल्म थांबली, खाली त्याचं नाव आणि जन्मतारीख.

मागच्या रांगेतून एक बाई हलक्या आवाजात शेजारणीला म्हणाली, "अगं, हा तर दुखण्यानं तळमळत होता." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आई उभी राहिली. तिनं पडद्याकडे बघतच कोनादूला विचारलं, "हे कधीचं?"

कोनादूला तारीख आठवत होती, तुकड्याच्या नावातच होती. ती सांगता येईना. मामांनी ढोलवाल्यांना हात केला, ढोल एकदम सुरू झाले आणि पडदेवाल्यानं पडदा काळा केला.

आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हे कोनादूला कळत होतं. ती वाट बघत बसली. काही झालं नाही. फक्त खुर्चीची कड मांडीला रुतत होती, ते जाणवत होतं. समोरच्या मंडपातून दार्को उठून मागे गेला, तेवढं तिनं पाहिलं. थोड्या वेळानं तीही उठली.

घराच्या मागे पिण्याच्या पाण्याच्या पिशव्यांचे गठ्ठे रचले होते, त्यांवर दार्को बसला होता. तिला बघून उठला नाही.

"मला माहीत होतं, ताई," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दुखतं ते. ईस्टरच्या आधीपासून. कॅमेऱ्याच्या बॅगेत औषधाची बाटली ठेवायचा, ती पांढरी, खडूच्या पाण्यासारखी. दुखलं की एक घोट घ्यायचा आणि कामाला लागायचा. मी किती वेळा म्हटलं, चल दाखवू. तर म्हणायचा, हंगाम संपू दे."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, ताईला कळलं तर ती दुकान बंद करेल आणि मला मानेला धरून नेईल."

"नेलं असतं."

"म्हणूनच तर." दार्कोनं तोंडावरून हात फिरवला. "तळ्यावरचं ते मी घेतलं तेव्हा मला कळलं नव्हतं. लांबून मलाही वाटलं, हसतोय. आज कळलं. आत्ता, सगळ्यांबरोबर."

कोनादूला त्याला काहीतरी लागेलसं बोलावंसं वाटत होतं, म्हणजे वाटायला हवं होतं. त्याच्या शर्टाचं एक बटण निसटलं होतं. तिनं ते लावून दिलं आणि परत जाऊन आईशेजारी बसली.

रविवारी चर्चला जाऊन आल्यावर मामांनी घरच्यांना एकत्र बसवलं. आता नातेवाइकांना फिल्मच्या प्रती द्यायच्या होत्या. कुणी हॉलंडला न्यायला थांबलं होतं, कुणी आक्राला. मामा रागावले नव्हते, थकले होते. ते म्हणाले की तो शेवटचा तुकडा काढून टाका. घराण्याची शोभा झाली. पोरगं घरात तडफडत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता, असं सगळं मांपोंग बोलतंय.

"काढते, मामा," कोनादू म्हणाली. तिला काहीही काढता आलं असतं.

"काढू नको," आई म्हणाली.

आई कालपासून बोलली नव्हती. मामा समजुतीनं म्हणाले, "अगं, तुलाच त्रास होईल. आणि लोक..."

"लोकांचं राहू दे, दादा. मी त्याची आई. तो माझ्यासमोर बसून जेवायचा, अर्धं टाकायचा, आणि मी म्हणायची, नखरे करतो." तिनं कापडाचा पदर मांडीवर सारखा केला. "ते दुखणं त्यानं एकट्यानं सोसलं. कुणी म्हणून पाहिलं नाही. काल गावानं पाहिलं. आता परत झाकायचं? राहू दे ते."

मामांनी काठी उचलून जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, तुझा मुलगा, तुझा शब्द. आणि उठून आत गेले.

कुमासीला परतल्यावर कोनादू आपल्या दुकानात गेली नाही, दार्कोच्या दुकानात गेली. त्यानं काही न विचारता खुर्ची सोडली आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. तिनं हार्ड डिस्क लावली आणि पहिल्या तुकड्यापासून सगळं बघायला लागली, पूर्ण दर्जाचं. ह्या मशीनला कुणाकडून काही उसनं घ्यावं लागत नव्हतं. ग्यासीच्या गालावरचा लहानपणीचा व्रण दिसला. विळीवर पडला होता तेव्हाचा. ती त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात धावली होती.

बघता बघता तिला दोन हसण्यांतला फरक कळायला लागला. एकात डोळ्यांच्या कडा आधी मिटायच्या आणि ओठ मागून यायचे. दुसऱ्यात ओठ आधी. दुसरं हसू बरंच होतं. गाडीत होतं, जेवणाच्या ताटापुढे होतं. एकदा तर तिच्याच दुकानात, ती पाठमोरी काम करतेय आणि तो तिच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे. कॅमेरा वळल्याबरोबर हसला. चित्रातली कोनादू मान वर करत नाही. काहीतरी विचारते, काय ते ऐकू येत नाही. तो मान हलवतो, हो म्हणतो.

हा तुकडा तिनं पुन्हा लावला. मग पुन्हा. मग पुढे गेली.

पहिलं हसूही सापडलं. एका बागेत दार्को खांब धरून दिवे लावायला चढलाय आणि खांबासकट हौदात पडतो. कॅमेरा ग्यासीच्या हातात. चित्र इकडेतिकडे हलतंय आणि मागून त्याचं हसणं येतंय, फुटल्यासारखं, धाप लागेपर्यंत. मग तो कॅमेरा उलटा फिरवतो आणि स्वतःचं तोंड दाखवतो. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय. बाहेर बाकावर दार्कोनं तो आवाज ऐकला. तो आत आला नाही.

तिनं शेवट पुन्हा जोडला. आधी हौद, नंतर तळं. तळ्यातला संथपणा मात्र काढून टाकला; तो तिनं घातलेला होता, ग्यासीचा नव्हता. त्याच्या चालीनं ते सगळं अगदी लवकर उरकत होतं. वाकला, टेकला, सावरला, हसला. बघणाऱ्यानं मान वळवली तर चुकेल एवढंच. ह्या वेळी फिल्म तयार झाल्यावर तिनं ती आरंभापासून शेवटपर्यंत बघितली. अक्षरं अंमळ उशिरा येत होती तीही नीट केली.

मामांनी आपली प्रत घेतली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्यांनी कोनादूच्या पानात स्वतःच्या हातानं मासा वाढला. आई म्हणाली, त्यांनी फिल्म पाहिलीय. हौदाचं पुन्हा लावायला सांगत होते.

पुढच्या आठवड्यात दार्को एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला आणि मशीनमध्ये बसवून गेला. जाताना कोनादूनं त्याला थांबवलं, जवळच्या दवाखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, उद्या सकाळी दारात उभी राहीन, तू किती वाळलायस ते डॉक्टर बघतील. तो हो-नाही करायला लागला. ती म्हणाली, मानेला धरून नेईन.

तो गेल्यावर तिनं निळ्या पानावर जाऊन वाटणी काढून टाकली आणि मशीन सुरू केलं. दुपारची वेळ, शिंपिणींच्या मशीनी घरघरत होत्या. अर्धवट राहिलेलं लग्न पडद्यावर आलं, तोच नाच, ज्याच्यावर ती त्या दिवशी थांबली होती. नवरीच्या मागे भिंतीवरच्या आरशात कॅमेरा धरलेला ग्यासी दिसत होता. स्वच्छ दिसत होता. कॅमेरा एका हातात. दुसरा हात पोटावर.

कोनादूच्या कानशिलाशी काहीतरी ठोकायला लागलं. हात गरम झाले. काय होतंय ते तिला आधी समजेना, इतके दिवस तिला काही झालंच नव्हतं.

"गाढवा," ती म्हणाली. "गाढवा. एका हातानं शूटिंग करतोयस? तोंड शिवलं होतं तुझं? पाठीवर वाहिलं तुला, आणि हंगाम संपू दे म्हणतोस? कोण मरत होतं इथे त्या हंगामाशिवाय?" तिचा आवाज चढला. शिंपिणींच्या मशीनी एकेक करत थांबल्या. "मी विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही? विचारलं होतं मी! हो म्हणालास मान हलवून. खोटारड्या!"

ती थांबली तेव्हा दारात एक बाई उभी होती. काळी कापडं, हातात फोटोंनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. आत यावं की परत जावं, असा चेहरा.

"कुणाशी बोलतेस?" बाईनं विचारलं.

"भावाशी."

बाईनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "रागावलीस?"

"हो."

बाई आत आली आणि बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं तिची गाठ सोडायला सुरुवात केली, पण गाठ घट्ट बसली होती.

"मीही रागावलेय," ती म्हणाली. "नवऱ्यावर. त्याचेच आणलेत हे."

कोनादूनं हात पुढे केला, पिशवी घेतली आणि दातांनी गाठ सोडवली.